टाकी भरायच्या आधी

राजकुमार कुणाला एक गोष्ट दोनदा विचारत नाही. दुकानात गेला की एकदाच म्हणतो, "भाऊ, चहापत्ती." दुकानदाराने ऐकलं नाही तर तसाच उभा राहतो. मागून आलेली माणसं सामान घेऊन निघून जातात, हा बरण्यांकडे बघत असतो. आदिलाबादच्या त्यांच्या गल्लीत याला गुण समजतात. "सुधाकररावाचं पोरगं लई गरीब," असं बाया म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात कौतुक जास्त की कीव जास्त, हे त्यालाही कधी कळलेलं नाही.

वडील, सुधाकरराव, तहसिलीतून रिटायर झालेले. राजकुमार शिकून काही वर्षं हैदराबादला राहिला, मग कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा परत आला. माडीवरच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि खडखडणारा कूलर. तो काय करतो हे शेजारणींना सांगायची जबाबदारी आईची, कुसुमबाईंची.

"ढगाचं काम हाये त्याचं," त्या सांगत. "पन पानी नाई पाडत."

बाया हसत. राजकुमारही हसे.

क्लाउडचं हे काम समजायला तसं कठीण नव्हतं. दूर कुठल्या थंड इमारतीतली यंत्रं भाड्याने घ्यायची आणि त्यांवर सर्व्हर, माहितीचे साठे, नियम असं सगळं एकावर एक उभं करायचं. हे हाताने नाही करायचं. आधी सगळा आराखडा लिहून ठेवायचा, मग तो आराखडा आपला आपणच उभारणी करत जातो. राजकुमारची खासियत म्हणजे त्याने मध्ये घातलेले थांबे. बाहेरचं एखादं काम अजून व्हायचं असेल तर उभारणी तिथे थांबते. बाहेरून "झालं" असा सिग्नल आला की पुढे सरकते. ठरल्या वेळेत सिग्नल आलाच नाही, तर तोवर उभं केलेलं सगळं ती स्वतः मोडून टाकते. कंपनीत म्हणत, थांबा लावावा तर राजकुमारनेच. थांबणं त्याला जमत होतंच.

या उन्हाळ्यात कंपनीला गावांच्या पाण्याच्या टाक्यांचं काम मिळालं. टाकीत एक डबा बसवायचा. टाकी रिकामी झाली की तो मोटार चालू करायला सांगेल, भरली की बंद करायला. सुरुवात बेल्याजवळच्या कोल्हेवाड्यापासून. डबे बसवायला तिथला माणूस हवा होता, आणि राजकुमारने नाव सुचवलं ते पंढरीचं. पंढरी म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा, शीतलचा नवरा. बेल्यात त्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान. कोल्हेवाडा नीट झाला तर नार्नूरपर्यंतची सगळी गावं पंढरीकडे येणार होती. शीतल फोनवर म्हणाली होती, "यायच्या हातचं काम लोकाइले दिसन तरी आता. दुकानात बसून कोनाले दिसते?"

ज्या दिवशी कोल्हेवाड्याचं काम चालू व्हायचं होतं, त्या दिवशी ऊन भिंतीतून आत येत होतं. राजकुमार माडीवर बसला होता. पडद्यावर उभारणी त्याच्या थांब्यापाशी येऊन थांबली होती: वाट पाहत आहे. हैदराबादहून त्याच्या वरिष्ठ, प्रियदर्शनी मॅडम, काही पाहुण्यांना घेऊन तोच पडदा बघत होत्या. पंढरी कोल्हेवाड्यात टाकीच्या शिडीवर होता. त्याने रिकाम्या टाकीची खूण लावली होती. टाकी काठोकाठ भरली की डब्याला ती पातळी कळावी म्हणून भरल्याची खूण लावायची, मोबाइलवरचं बटण दाबायचं, आणि सिग्नल निघायचा.

सिग्नल येत नव्हता. राजकुमारने फोन लावला.

"भाऊजी, किती राह्यलं?"

"भरून राह्यली टाकी. मधात लाईट गेली होती. काऊन, घाई हाये का?"

पंढरीच्या आवाजात घाम होता, आणि थोडीशी चीड.

"नाई नाई. घाई कायची? तुमी करा आरामशीर."

फोन ठेवला तेव्हाच त्याला कळलं की आता दुसरा फोन आपण करणार नाही. जावयाला किती विचारायचं? या घरात पंढरी आला की सुधाकरराव खुर्चीवरून उठत. त्याच्या ताटात मीठ कमी पडलं तर तो मागायच्या आधी घरात तीन जण उठत. अशा माणसाला उन्हात शिडीवर उभा असताना "लवकर करा" म्हणायचं? आणि मॅडमना सांगायचं तरी काय, की मी आणलेला माणूस, माझाच भाऊजी, अजून तयार नाही? वेळ सरत होता. वेळ सरला की त्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत सगळं मोडणार होतं.

सिग्नल इंटरनेटवरच्या एका लांबलचक पत्त्यावर जातो. तो पत्ता ज्याच्याकडे असेल त्याला तो पाठवता येतो. राजकुमारकडे तो होता, त्यानेच बनवला होता. त्याने मनाशी म्हटलं, भाऊजी थोड्या वेळात करतातच आहेत. फक्त तेवढा वेळ आपण भरून काढू. आणि सिग्नल पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं.

पडद्यावरचं "वाट पाहत आहे" पुसलं गेलं. उभारणी पुढे धावली.

"अयिपोयिंदा, राजकुमार?" मॅडमनी तेलुगूत विचारलं. झालं का?

"अयिपोयिंदि, मॅडम."

टाळ्या ऐकू आल्या. कूलरच्या आवाजात त्या पत्र्यावर पडलेल्या खड्यांसारख्या वाटल्या.

मग त्याला वाटलं की पंढरीला सांगावं, तुमची खूण मात्र नीट लावून घ्या. पण ते सांगायचं तर सिग्नल आपण दिला हेही सांगावं लागलं असतं, आणि त्याचा अर्थ, तुम्ही वेळेत केलं नाही. संध्याकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी पंढरीचाच फोन आला, खुशीत. "मोबाइलवर हिरवं झालं ना बे, जोडणी पूर्ण म्हून. मी खूण लावाच्या आधीच. माहा हात कुठं लागला का तुमच्या मशीननं आपलं आपून घेतलं?"

राजकुमार म्हणाला, "घेतलं असन."

भरल्याची खूण लागलीच नव्हती, म्हणून टाकी भरल्याचं डब्याला कधीच कळलं नाही. मोटार चालत राहिली. टाकी भरून वाहू लागली. ऐन उन्हाळ्यातलं ते पाणी रात्रभर गल्लीतून, उकिरड्यावरून, बैलांच्या गोठ्यापुढून वाहत गेलं. सकाळी गाव उठलं तेव्हा कुत्री चिखलात पसरून झोपली होती. बोअर आटली होती आणि मोटार जळाली होती.

त्या दिवसापासून कोल्हेवाड्यात टँकर येऊ लागला. टाकीवर जयवंताबाई नावाची म्हातारी आहे, ती गावाला पाणी सोडते. ती बाजाराच्या दिवशी बेल्याला आली आणि पंढरीच्या दुकानासमोर उभी राहिली. "काय रे बाप्पा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुह्या डब्यानं सडकीले आंघोळ घातली. आता आमाले प्याले दे." लोक हसले. पंढरीने मान खाली घालून हातातली मोटार खोलली, पुन्हा बंद केली.

कंपनीच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, बसवणाऱ्याची चूक. यापुढची गावं दुसऱ्या कुणाला देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. राजकुमारने आपला कॅमेरा बंद केला. काळ्या चौकोनात फक्त त्याचं नाव राहिलं. ते नाव त्याला बराच वेळ बघवेना, आणि तिथून नजरही हलवता येईना.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हात आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं. कुसुमबाई तयारीला लागल्या. आता मूड नाही म्हणून जावयाला धोंड्याला बोलवायचं नाही, असं काही होत नाही.

शीतल आणि पंढरी मोटारसायकलवरून आले. शीतलने स्कार्फ सोडला, पण भावाशी बोलली नाही. पंढरी पाटावर बसला नाही. तो सुधाकररावांसमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"मामाजी, माफी द्या. तुमच्या पोरानं भरोशानं काम देल्लं. म्या त्याचं नाव खराब केलं."

जावई हात जोडतो असं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. सुधाकररावांनी घाईने त्याचे हात धरले. "जावईबापू, असं करू नका. असं नाई करा लागत."

"नाई, चूक ते चूकच. माहा हात लागला असन त्या बटनाले. मले याद नाई, पन लागला असन."

कुसुमबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "बसा बाप्पा आदी. पाय धू दे." सुधाकररावांचे गुडघे दुखतात, म्हणून पाय धुवायचं काम राजकुमारकडे होतं. तो तांब्या घेऊन खाली बसला. समोर पितळी परात, आणि परातीशेजारी पंढरीचे पाय, शिडीच्या लोखंडाने तळवे करपलेले. तांब्यातल्या पाण्यात छताचा पंखा फिरत होता.

"भाऊजी," तो पायांकडे बघून म्हणाला, "तुमचा हात नाई लागला."

"तुले काय मालूम?"

"मी पाठवला सिग्नल. इथून. तुमची टाकी भराच्या आदी."

स्वयंपाकघरात तेल तडतडत होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

"काऊन?" पंढरीने विचारलं.

"टाइम संपून राह्यला होता. मॅडम पाहून राह्यल्या होत्या."

"मंग मले फोन काऊन नाई केला?"

"केला होता ना एकडाव."

"दुसरा?"

राजकुमारने तांब्या परातीच्या काठाला टेकवला. "जावयाले कितीक डाव विचाराचं?"

पंढरी त्याच्याकडे बघत राहिला. रागापेक्षा काहीतरी वाईट त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मी शिडीवर जावई होतो का रे?" तो हळू म्हणाला. "मी कामावर होतो. तू मले शिवी देल्ली असती, तं म्या म्हनलं असतं, थांब, अजून नाई झालं. झालं नाई म्हनाचा मले हक होता. तो बी तूच घेतला."

शीतल दारातून बोलली, पहिल्यांदाच. "अन् इतके दिवस? हे रोज लोकाइचं बोलनं ऐकून येत जाय घरी. तू फोनवर मले इचारे, भाऊजी बरे हायेत का म्हून."

राजकुमारने पाणी ओतायला तांब्या वाकवला. पंढरीने पाय मागे घेतला.

"आदी तुह्या मॅडमले सांग. माह्यासमोर. तोवर परातीत पाय देत नाई."

राजकुमारने तिथेच जमिनीवर बसून फोन लावला. तेलुगूत बोलला, म्हणून घरातल्यांना अर्धंच कळलं. पण त्याचा आवाज कुठे तुटतोय ते सगळ्यांना कळलं. मॅडम म्हणाल्या की हे सगळ्यांना कळवावं लागेल. पंढरीशी त्या स्वतः बोलतील. तुझं काय करायचं ते बघू. त्याने फोन ठेवला.

"झालं?" पंढरीने विचारलं.

राजकुमारच्या तोंडावर "झालं" आलं होतं. आयुष्यभर तो तेच म्हणत आला होता, हो, झालं, चालेल, असू द्या. परातीकडे बघत तो म्हणाला, "नाई. कोल्हेवाड्याले सांगाचं राह्यलं."

पंढरी उठला. त्याने कोरडे पाय चपलेत घातले आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. "चाल मंग."

"अरे, जेवून तरी जा," कुसुमबाई म्हणाल्या. धोंडे ताटात वाढलेले होते. कुणी थांबलं नाही.

कोल्हेवाड्यात टँकर नुकताच आला होता. घागरींची रांग टाकीच्या सावलीत कशीबशी मावत होती. गल्लीतला चिखल वाळून त्याच्या खपल्या उठल्या होत्या, चालताना त्या पायाखाली मोडत. रांगेच्या तोंडाशी जयवंताबाई पाइप धरून उभी होती. पंढरीला बघून तिने तोंड उघडलं, पण पंढरी बाजूला झाला आणि त्याने राजकुमारला पुढे केलं.

राजकुमार बोलला. मोटार कुणामुळे जळाली, पाणी कुणामुळे गेलं, पंढरीचा यात दोष कसा नाही. खाली बघून, भरभर, एका दमात.

जयवंताबाईने पाइप दुसऱ्या हातात घेतला. तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या स्वच्छ चपलांपर्यंत.

"काय म्हनला रे बाबू?" ती म्हणाली. "मोठ्यानं सांग. मांगच्या बायाइले ऐकू नाई आलं."

मागच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. त्याने पंढरीकडे बघितलं. पंढरी टाकीच्या शिडीकडे बघत होता.

राजकुमारने मान वर केली आणि तेच सगळं दुसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली.