माझ्याशिवाय चालणारं काम

लाल मिरचीचा खाट नाकात गेला की मला नंदुरबारच्या आमच्या घराची गच्ची आठवते. समोरच्या पथारीवर, मिरची सुकवायच्या मोकळ्या मैदानात, मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या आणि मी खोकत खोकत लॅपटॉप घेऊन वरच बसायचो, कारण नेटवर्क तेवढं तिथेच मिळायचं. पुण्याच्या एका कंपनीचे क्लाउडवरचे सर्व्हर मी सांभाळायचो. दर शुक्रवारी त्यांच्या ॲपची नवी आवृत्ती हाताने चढवावी लागे. ते आपोआप व्हावं म्हणून मी कित्येक महिने खपून पाइपलाइन, म्हणजे एकामागोमाग एक स्वतःच चालणाऱ्या प्रोग्रामांची साखळी, बांधली. एका शुक्रवारी ती पहिल्यांदा कुणाचा हात न लागता शेवटपर्यंत चालली. मॅनेजरने फोनवर विचारलं, "आता तुझ्याशिवाय चालेल ना?" मी छाती फुगवून म्हणालो, "अगदी माझ्याशिवाय." खाली आई शेजारणीला सांगत होती, "मन्हा पोऱ्यानी मशीनले समदं शिकाडी दिधं." सोमवारी लॅपटॉपने माझा पासवर्डच घेतला नाही; कंपनीने माझं खातं बंद केलं होतं. चहा घेऊन वर आलेल्या आईने विचारलं, "आज काम नई शे का?" मी म्हणालो, "शे ना. ते मन्हा बिगर चाली ऱ्हायनं." ते ॲप अजून माझ्या फोनमध्ये आहे. कधीतरी बंद पडलेलं दिसेल म्हणून दर शुक्रवारी उघडून बघतो. नवी आवृत्ती वेळेवर आलेली असते.