छत्रीवाल्याची दोन बोटं

समजा, तुम्ही एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभे आहात. पायाखाली कबुतरांच्या विष्ठेचा थर, त्यात चिकटलेली पिसं, टाकीमागे मेलेल्या कबुतराचा वास. समोर टीव्हीची छत्री. तुमच्या एका हातात सिग्नलचं मीटर आहे, दुसऱ्यात पाना. छत्री उपग्रहाकडे अचूक रोखलेली असल्यानं मीटर एकसुरात वाजतंय. आता नट सैल करा, छत्रीची कड दोन बोटं डावीकडे सरकवा, नट आवळा. मीटर गप्प. मग खाली जा आणि चेहरा पाडून सांगा, "समोर नवी इमारत झालीय ना, तिच्यामुळे सिग्नल अडतोय. आता आमची केबल घ्यावी लागेल."

हे काम ज्यानं तीन वर्षं केलं, त्याला सगळे छत्रीवालाच म्हणतात.

त्याआधी तो सरळ माणूस होता. गिऱ्हाइकानं विचारलं, की जिन्यातच सांगायचा, "टॉवर जवळ असेल तर काड्यांची अँटेना पुरे. आकाश मोकळं असेल तर छत्री बसवा, तिच्यावर पुष्कळ चॅनल फुकट दिसतात. गल्लीत केबल आली असेल तर केबल घ्या. आणि इंटरनेटवर पाहायचं असेल तर काहीच बसवायला नको, फक्त धीर हवा." झुरळांना मात्र यातलं काहीही चालायचं. डबा केबलचा असो की छत्रीचा, ऊब मिळाली की संसार थाटला. डब्याचं झाकण उघडताना तो आधी तोंड फिरवायचा.

मग छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आणि केबलही विकणाऱ्या त्याच्या कंपनीत नवा सुपरवायझर आला. "वायर कापायची नाही, मोडतोड करायची नाही," त्यानं समजावलं. "फक्त दोन बोटं." पूर्वीच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी मागे माणसं हलताना दिसायची. डिजिटलमध्ये चित्र जरा अडखळतं आणि जातंच. खोटं बोलणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं?

छत्रीवाला हे शिकला आणि नव्या लोकांना शिकवूही लागला. सरकवलेल्या छत्रीच्या नटावर तो काळी चिकटपट्टी गुंडाळायचा, म्हणजे घरातलं कुणी सहज हात लावू नये. पट्टीचं टोक आत दुमडायचं, पुढे सोडवायला सोपं जातं. ही त्याची खास सवय.

एका सकाळी आत्याचा फोन आला. हिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. गेल्या काही वर्षांत तिची नजर गेली होती; टीव्ही ती नुसता ऐकायची. सकाळच्या बातम्या आणि दुपारची जुनी गाणी, एवढीच तिला दिवसभर सोबत.

"अरे, टीव्ही मुका झालाय. तुमच्यातलाच कुणी तपासायला आला होता. केबल घ्या म्हणाला."

तो धावत गेला, गच्चीवर चढला. नटाच्या गंजावर ताजा ओरखडा होता. वर काळी चिकटपट्टी, टोक आत दुमडलेलं. टोक असं दुमडायला नव्या पोरांना त्यानंच शिकवलं होतं.

छत्री जागेवर आणून तो खाली आला. टीव्हीवर बाई बातम्या देत होती.

"काय झालं होतं रे?"

"वाऱ्यानं हलली होती, आत्या."

"वारा हल्ली पाना घेऊन फिरतो का?" आत्या म्हणाली. "माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. तो वर गेला तेव्हा टीव्ही चालू होता. वर लोखंड वाजलं आणि बाईचा आवाज बंद झाला. मी इथंच बसले होते."

"मग त्याला बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण म्हटलं, तूही याच कामाला जातोस." तिनं आवाज वाढवला आणि बातम्या ऐकू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे सुपरवायझरला सांगितलं. तो हळहळला. "आधी सांगायचंस ना. आत्याबाईंचं घर यादीतून वगळलं असतं."

वगळलं असतं. छत्रीवाल्यानं मीटर आणि पाना टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. आता तो दवाखान्यांच्या वायरिंगची कामं घेतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःचा पाना घेऊन आठवतील त्या गच्च्या चढतो आणि छत्र्या सरळ करतो. काही ठिकाणी लोक शिव्या घालतात. त्या त्याला रास्त वाटतात.

एका घराशी मात्र त्याची गाडी अडकते. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त मास्तर. त्यानं छत्री सरकवली तेव्हा ते गच्चीच्या बरोबर खालच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते. परवा तो त्यांच्याकडे गेला, म्हणाला, "तुमची छत्री नीट करून देतो. ती मीच बिघडवली होती."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "राहू द्या. आता केबलची सवय झालीय," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

ना राग, ना नवल. तेव्हापासून तो एकच गोष्ट मनात घोळवतोय. त्या दिवशी तो खोटं बोलायला खाली उतरला, तेव्हा मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभे होते. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल," म्हणाले होते आणि तांब्या त्याच्या हातात दिला होता. त्यांनाही वर पाना वाजलेला ऐकू आला होता का? आणि आला असेल, तर त्यांनी त्याला पाणी का दिलं?