सुनेच्या हातची कात्री

सकाळपासून आभाळ नुसतं कुंद होतं. गावोगावी एकाच नावानं चालणाऱ्या त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात सून कात्रीनं पाकिटं कापून सूप पातेल्यात ओतत होती. सूप कंपनीकडून तयारच यायचं. तिनं फक्त गरम करायचं. इतक्यात खिडकीतून बाहेरच्या टेबलाशी सासूबाई दिसल्या आणि तिनं कात्री खाली ठेवली.

रक्तदाबापायी डॉक्टरांनी म्हातारीचं मीठ तोडलं होतं. घरी रोज टोमणा ठरलेला, "डॉक्टरांनी मीठ तोडलं, तू चवही तोडलीस. ती सगळी हॉटेलात ठेवून येतेस." आज त्या खात्री करायलाच आल्या होत्या. एक वाटी रिकामी करून त्यांनी दुसरी मागवलीसुद्धा.

मॅनेजर गल्ल्यावरच उभा होता. गिऱ्हाइकांसमोर पाकिटांचा विषय काढला की नोकरी गेलीच. तरी सून बाहेर आली आणि तिनं सासूबाईंच्या पुढ्यातली दुसरी वाटी ओढून घेतली.

"तोंडचा घास काढतेस?" सासूबाई कडाडल्या.

"आई, हे मी रांधलेलं नाही. मी इथं पाकिटं कापते. यातलं मीठ माझ्या हातात नाही, घरातलं आहे."

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. मॅनेजर डोळे वटारत पुढे आला.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "बघताय काय?" त्या त्याच्यावरच डाफरल्या. "म्हातारीला मीठ चालत नाही, तेवढंच सांगतेय ती. ने गं ती वाटी. आणि घरी वेळेवर ये, मला भूक लागेल."

मॅनेजर गल्ल्याकडे वळला. सुनेनं आत जाऊन वाटी विसळली आणि पुढचं पाकीट कापायला घेतलं.