बोट कापायच्या आदल्या दिवशीची गिटार

स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली असतील. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटात बांबूचं कुसळ शिरलं आणि बोट पिकून काळं पडलं. गोंदियाचा डॉक्टर म्हणाला, उद्या सकाळी काढावं लागेल.

मी काही मोठा वाजवणारा नव्हतो. विलायतेला निघालेल्या एका रेल्वे ड्रायव्हर साहेबानं त्याची गिटार मला देऊन टाकली होती. तिच्यावर चुकत-माकत एक चाल बसवली होती, एवढंच. पण बोट गेलं की तीही गेली. म्हणून ती भरून ठेवायला बायको शेजारच्या रेडिओवाल्याकडून टेपमशीन मागून घेऊन आली. त्यानं बजावलं, "भाभी, गिराहक का माल है. छह बजे ले जाऊंगा. और पहले नाम बोलना, फिर बजाना."

सकाळीच बसलो. लाल बटन दाबलं, दुखऱ्या बोटानं वाजवलं, टेपची चकरी मागं फिरवून ऐकलं. काहीच नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा काहीच नाही. मग कळलं की दोन बटनं एकदम दाबायची असतात. मशीन बनवणाऱ्यानं हे कोणाला सांगून ठेवलं होतं देव जाणे.

तिसऱ्यांदा आवाज उतरला. तोवर घरामागची राइस मिल दुपारच्या सुट्टीसाठी बंद झाली होती. ऐकायला लावलं तर माझी चाल धावत सुटली.

"बकरीचं पिल्लू बोंबलून राहिलं जसं," बायको म्हणाली.

"तुले काय समजते यातलं?"

"पिल्लू समजते नं मले."

मी तारा सैल करून सूर उतरवला. मिलच्या सुट्टीतच पुन्हा वाजवलं. जेवून उठलो तोवर मिल पुन्हा धडधडू लागली होती. ऐकायला लावलं, तर आता म्हैस रवंथ करत होती. तारा पुन्हा चढवल्या. एक तुटली. दुसरी तार शोधण्यात तास गेला. बोट ठणकत होतं. मशीनला, साहेबाला, त्याच्या विलायतेला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आता बायकोची पाळी होती.

ती चुलीजवळून म्हणाली, "अवो, तारा कायले पिळता? मिल चालू झाली का आपला बिजलीचा दिवा मंद होते. तसीच ते चकरीबी मंद होत असन."

मी म्हटलं, "दिव्याचा आन् गिटारचा काय संबंध?"

"नसन तर नसन. पिळा."

चुलीच्या अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याकडे पाहिलं. खरंच मंद होता. मिल सुरू असताना भरलेलं मिल बंद असताना ऐकलं, आणि बंद असताना भरलेलं सुरू असताना. गिटारला काहीच झालं नव्हतं. अर्धा दिवस मी सुरात लागलेली गिटार बिघडवत बसलो होतो. तारा पहिल्यासारख्या लावल्या. तिचं बरोबर निघालं, हे तेव्हाच तिला सांगायला पाहिजे होतं.

संध्याकाळी पावणेसहाला मिलचा भोंगा झाला. दिवा उजळला. सहाच्या आत एकदाच काय ते व्हायचं होतं. माझे दोन्ही हात गिटारवर, म्हणून बटनं तिनं दाबली.

"नाव सांग," मी म्हटलं.

"कोनाचं?"

"माहं! वाजवून कोन राहिलं?"

"तुमचं नाव मी कशी घेऊ? लग्नात घेतलं तेवढं बस झालं."

"अवं, चकरी फिरून राहिली!"

"फिरू द्या. उखाना आठवून राहिली मी."

"उखाना नको, नुसतं नाव पाहिजे!"

"ऐका होऽऽ," ती माइकात तोंड घालून म्हणाली, "आमच्या घरचे वाजवून राहिले. उद्या दवाखान्यात जातेत, म्हणून आजच ऐकून घ्या."

मग मी वाजवलं. तिसरी तार नीट दाबली गेली नाही, जागोजागी घरघरली. पुन्हा भरायचं म्हणालो, तर रेडिओवाला दारात उभा. त्यानं मशीन नेलं, चकरी आम्हाला राहू दिली. सकाळी बोट गेलं.

त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. बायको जाऊन दोन वर्षं झाली. चकरी पेटीत तिच्या लुगड्यांखाली होती. पोरगा नागपूरला कोणाकडे तरी घेऊन गेला, आणि ती अजून वाजते म्हणे. फोनवर म्हणाला, "बाबा, कंप्युटरवर साफ करून देते तो मानूस. घरघर काढते, सुरवातीचं भांडन कापते. नुसती गिटार ठेवते."

म्हटलं, गिटार काप.

"तसं नाही बाबा, तुमची गिटार म्हणूनच तर..."

चारदा सांगून झालं. तरी विचारूनच राहिला.