धुळे ते जळगाव: पगारी संशोधनाच्या शोधात

संशोधनाची जागा घरबसल्या मिळत नाही, हे कळायला आम्हाला चार महिने लागले. आम्ही म्हणजे मी, निवृत्त शिक्षिका आणि सल्ल्याला तत्पर. आणि शेजारची नाझनीन, रसायनशास्त्रात एमएस्सी. तिच्या वडिलांचं, रशीदभाईंचं, धुळ्यात गाद्या भरण्याचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आता आणखी महिन्याभरात पगारी जागा मिळाली तर पीएचडी कर, नाहीतर मालेगावच्या स्थळाला होकार कळवतो.

नाझनीनने साठ प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवला होता. इंग्रजी मी तपासलं होतं, कॉन्व्हेंटच्या शिस्तीत. एकही चूक नव्हती. एकही उत्तर नव्हतं.

शेवटी निघालो. जाणार असाल तर सकाळची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट. पारोळ्याला चहा मिळतो, चहाच्या नावाखाली गरम साखरपाणी. विद्यापीठ जळगाव शहराच्या अलीकडेच येतं, तेव्हा वाहकाला चढतानाच सांगून ठेवा. आमचा अहिराणीत ओरडला, "विद्यापीठ उनं, अक्का! आरामशीर उतरा, गाडी थांबेल शे."

कार्यालयाच्या खिडकीवर एक सज्जन भेटले. म्हणाले, "अक्का, इथे फॉर्म मिळतो. पगाराची जागा प्रकल्पात असते, आणि प्रकल्प प्राध्यापकांचा असतो. कापसावर काम करणाऱ्या मॅडम वर आहेत, त्यांना भेटा." एवढी गोष्ट पदवी देताना मुलांना कोणी सांगत नाही, याचा मला अजून संताप येतो.

दुसरा संताप स्वतःचा. जन्मभर वशिल्याला नावं ठेवली आणि निघताना ओळखीच्या एका संस्थाचालक नानांची चिठ्ठी घेतली. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय कोणी कुठे जातच नाही. मॅडमनी ती वाचली.

"हे नाना माझ्या प्रयोगशाळेत काम करणार आहेत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

बसले. दार उघडंच होतं.

"माझं काम काय आहे, माहीत आहे?"

"नाही, मॅडम. ईमेल सगळ्यांना एकच पाठवला होता."

मग नाझनीनचाच आवाज आला. "टेबलावरची ही रुई गादीतली आहे ना? दोनदा तरी पिंजलेली दिसते. तंतू तुटलेत."

"हात न लावता सांगतेस?"

"आमच्या दुकानात दिवसभर हेच असतं."

जुन्या रुईचं पुढे काय करता येईल, हाच मॅडमचा प्रकल्प निघाला. त्यांनी दोन पानं लिहून मागितली आणि पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतीची जाहिरात दाखवली.

परतीला एरंडोलला उतरून शेवभाजी खाल्ली. तिखट, उत्तम. नाझनीन ताटापाशी बसून लिहीत होती. मी कागदाकडे हात केला, तर म्हणाली, "काकू, हे राहू द्या. माझं मला लिहू द्या."

मुलाखतीला ती एकटी गेली. निवड झाली, प्रकल्प चालेल तोवर पगार, पुढचं पुढे. संध्याकाळी दुकानात रशीदभाईंनी माझ्यादेखतच मालेगावला फोन लावला. "मुलगी कामावर लागली. थांबायचं असेल तर थांबा."

"थांबतील का गं?" मी नाझनीनला विचारलं.

"ते त्यांचं ते ठरवतील," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या जुन्या गाद्यांमधली रुई निवडून पिशव्यांत भरू लागली. सोमवारी न्यायची होती.