ज्या घरी जातील, त्या घरचं पाणी

मालनताईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पाण्याच्या बाटलीवरून. भिवंडीतल्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले, तिथेच तेव्हा नुकती शिकवू लागले होते. शाळेने जमवलेले कपडे पोचवायला आम्ही दोघी शिक्षिका वज्रेश्वरीच्या एसटीने निघालो आणि पुढे डोंगराची पायवाट चढत वरच्या पाड्यावर गेलो. दवाखान्याच्या ओसरीवर, पदर कमरेला खोचून, एक बाई एका रडक्या मुलीच्या कानात औषध घालत होत्या. मी धापा टाकत पिशवीतून बाटली काढली.

"ती राहू द्या," त्या हसत म्हणाल्या. "एवढं चढून आलात, तर इथलं पाणी प्या. नाहीतर परत गेल्यावर घसा तुमचा भिवंडीचाच राहील."

ते झऱ्याचं पाणी मी प्याले. आमच्या सिस्टरांनी 'सेवा' हा शब्द फळ्यावर फार सुंदर अक्षरात लिहून शिकवला होता. तो शब्द चालता-बोलता मी त्या दिवशी पाहिला. आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला अजूनही तसाच दम लागतो.

ताई मूळच्या महामार्गालगतच्या एका शेतकरी घरातल्या. नर्सिंगचं शिक्षण घेऊन त्या पाड्यावर आल्या, कारण डोंगरउतारावरची त्यांच्या वडिलांची गवताची जमीन तिथे होती. त्याच उताराच्या पायथ्याशी पाड्याचा एकुलता झरा. वडिलांनी तिथेच एक खोली बांधून दिली. तोच दवाखाना, तीच बालवाडी.

त्यांची काम करण्याची रीत मी इतरत्र कुठे पाहिली नाही. त्या घरोघरी जात आणि टेकल्या की आधी पाणी मागत. घरातली माणसं पितात तेच. तांब्या उजेडाकडे धरून बघत आणि सगळ्यांसमोर पीत. जुलाबांवर त्यांनी कधी भाषण केलं नाही. पण ताईंना गढूळ पाणी द्यायची बायकांनाच लाज वाटू लागली. फडकी धुतली जाऊ लागली, हंड्यांवर झाकणं आली, पाणी उकळू लागलं. शाळेचा पहिला तासही झऱ्यापाशी भरे. मुलं आधी पालापाचोळा काढत, मग बाराखडी म्हणत.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर फिरत होते. काशीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी ताईंनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं. काशीबाईंनी मोठ्या अभिमानाने दुकानातली बाटली पुढे केली.

"शीलबंद हाय, ताय. तुमच्यासाठी ठेवलेली."

"आणि तुम्ही काय पिता?"

काशीबाईंनी हंड्यावरचं झाकण घट्ट दाबलं. पुढच्या घरीही बाटली. त्याच्या पुढच्याही. प्रेमापोटी त्या बायकांनी आपसांत ठरवून ही चूक केली होती. झऱ्याला पाण्याऐवजी गाळ येत होता आणि तो ताईंच्या पोटात जाऊ नये, म्हणून बाटल्या आणून ठेवल्या होत्या. ताई तशाच उठून झऱ्यावर गेल्या. शेजारचा डोंगर गोदामांच्या भरावासाठी मुरूम काढून अर्धा कापून झाला होता. झऱ्याच्या डोक्यावरचा एकच उतार शाबूत होता, त्यांच्या वडिलांचा. आणि तोही विकायचं ताईंच्या भावांनी त्याच महिन्यात ठरवलं होतं.

आमच्याकडे वडिलांमागे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊ साडीचोळी करतो, माहेरचं दार उघडं राहतं. ताईंनी हायवेला लागून असलेल्या भातशेतीवर एका शब्दाने न विचारता सही केली होती. या उतारावर मात्र करेनात. थोरले बंधू, ज्यांना सारे नाना म्हणतात, दवाखान्याच्या अंगणात येऊन उभे राहिले. मी आत पट्ट्या गुंडाळत होते.

"हायवेची जमीन सोडलीस आन या बोडक्या डोंगरावर अडून बसलीस? डोकं फिरलंय का तुझं, माले?"

"ती तुमची होती, नाना. याच्याखाली माझी पोरं पाणी पितात."

"तुझी पोरं! लोकांची न्हाय का?"

"पाजलंय मी त्यांना. माझीच."

"मग ऱ्हा त्यांच्यात. तुझ्या घरचं पानी पिनार न्हाय मी यापुढं."

नाना गेले. वाटणी होऊन तो उतार ताईंच्या वाट्याला आला आणि माहेर तुटलं. त्यांनी मुलांना घेऊन उतारावर चर खणले, गुरं बंद केली, वणवा लागू नये म्हणून कडेचं गवत जाळून पट्टे काढले, करंज, उंबर, आवळा लावला. पहिली काही वर्षं झरा तसाच रुसलेला. बायका दूरवरून पाणी आणत आणि ताई घरोघरी तेच पीत.

त्या वर्षांतली एक भाऊबीज मला विसरता येत नाही. ताईंनी निरांजनाचं ताट केलं होतं. अंधार पडू लागला, वाटेवर कुणी नाही. शेजारीण हळूच म्हणाली, "ताय, चंद्राला ओवाला आता." ताईंनी ताट झाकून ठेवलं. "चंद्राला ओवाळायचं, ते भाऊ नसलेल्यांनी. मला आहेत."

दरवर्षी ताट होई आणि झाकून राही.

झरा हळूहळू परतला. आधी पावसाळ्यानंतर थोडा रेंगाळला, मग होळीपर्यंत पोचला आणि शेवटी भर वैशाखात वाहू लागला. अशाच एका वैशाखातल्या दुपारी काठी टेकत नाना पायवाट चढून आले. खाली त्यांच्या गावात विहिरी आटून टँकर लागले होते. ओसरीवर बायका बसल्या होत्या, मीही होते. नाना पायरीवर बसले. बराच वेळ झऱ्याच्या आवाजाकडे कान लावून होते.

"पानी दे, माले."

ताईंनी तांब्या दिला. नानांनी तो उजेडाकडे धरला, अगदी ताई धरतात तसा, आणि तोंड न काढता संपवला. ताई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पेटलेलं निरांजन होतं.

"ताय, दिवाली आली का?" काशीबाईंनी विचारलं.

"आली तं," नाना म्हणाले. "मलाच चढायला उशीर झाला."

त्या भर उन्हात ज्योत नीट दिसतही नव्हती. ताई ओवाळत होत्या आणि आम्ही सगळ्या उभ्या राहिलो होतो, देवळात राहावं तशा.

मालनताई, तुमच्या गुडघ्यांना तो चढ अजून पुष्कळ वर्षं सोसवो. डोळ्यांना तांब्यातलं पाणी असंच नितळ दिसत राहो. भाऊबीजेला ताटावर झाकण घालायची वेळ तुमच्यावर पुन्हा कधी येऊ नये. आणि तुम्ही शंभरी गाठाल त्या दिवशी, ज्या घरी टेकाल, त्या घरी घरचंच पाणी तुमच्या हाती मिळो.