वस्त्रगाळ हवेचा कॉम्प्युटर

मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात कुणी कुणाला "रडतेस का?" असं विचारत नाही. नंदुरबारात आमची मिरची-हळद दळायची चक्की आहे, घराला अगदी लागून, आणि हिवाळा लागला की घरातल्या प्रत्येकाचे डोळे लालच असतात. त्यामुळे दिवाळीनंतरचे काही रविवार मी खरोखर रडले, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण सांगितलं तर लोक हसतात. आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मला ट्रक चालवता येत नव्हता.

मुलगी पुण्याला फार्मसी शिकायला गेली तेव्हा जाता जाता तिने मला हा खेळ लावून दिला होता. पडद्यावर आपण ट्रक ड्रायव्हर. परदेशातल्या कुठल्यातरी गावात माल भरायचा आणि घाटबिट चढून दुसऱ्या गावात उतरवायचा. दर रविवारी इंटरनेटवरून आम्ही दोघी एकाच रस्त्यावर यायचो. पुढे तिचा ट्रक, मागे माझा, आणि दोघींच्या कानाला हेडफोन. फोनवर ही पोरगी म्हणजे 'हो', 'नाही', 'जेवले', 'ठेवते'. तेसुद्धा पुण्याच्या मराठीत, मोजूनमापून. ट्रक सुरू झाला की मात्र तिची घरची अहिराणी सुटायची. मेसचं पाणचट वरण, रूममेटच्या कागाळ्या, आवडणारे सर, न आवडणारे सर, सगळं यायचं. नजर रस्त्यावर असली की माणूस मोकळं बोलतं, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

कॉम्प्युटर गेला आणि ते बोलणंही गेलं. फोन आणखी आखडले. त्यात तिच्या आवाजात काहीतरी अडकलेलं मला ऐकू यायचं. विचारलं की "काही नाही गं मम्मी." आईला एवढं कळतं. काहीतरी होतं, आणि ते फोनवर निघणार नव्हतं, ट्रकमध्येच निघणार होतं, याची मला खात्री होती.

त्याच महिन्यात माझी भिशी लागली. घरचे धरून चालले होते की मी पाटल्या मोडून नव्या करीन. मी जाहीर केलं, कॉम्प्युटर घेणार, आणि तोही खेळ खेळायचा. पार्ट निवडून, जोडून घेणार. भिशीत जेवढं बसेल तेवढ्यातच.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एक लॅपटॉप ली ल्या नि मोकळ्या व्हा. इतला कुटाना कसाले?"

त्यांना सांगितलं की तेवढ्या पैशातला लॅपटॉप हा खेळ चालवताना धापा टाकतो, आणि उद्या एक भाग बिघडला तर अख्खा बाजूला ठेवावा लागतो. आमचे हे नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाहीत. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पोरसंगे बोलानं शे ना तुले? मंग ली ले." त्यांच्या मी तिथल्या तिथे पाया पडले.

मग माझा अभ्यास सुरू झाला. दुपारी मिरचीची देठं खुडायला बसायचं, मोबाइल पोत्याला टेकवायचा आणि व्हिडिओ लावायचे. हात तिखटाचे, त्यामुळे पडद्याला बोट लावायची सोय नाही. लोक जाहिराती पुढे ढकलतात, मी प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत पाहिली. त्या व्हिडिओंतली सगळी पोरं जोरात बोलायची आणि प्रत्येकाला वाटायचं की सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड घेतलं की संपलं. मला ते पटेना. आमच्या चक्कीत वरून दाणे सोडणारा हात सुस्त असला तर खाली दगड कितीही भारी असो, तो रिकामाच फिरतो. कॉम्प्युटरमध्ये दाणे सोडायचं काम प्रोसेसरचं. तेव्हा मी ठरवलं की प्रोसेसर बऱ्यापैकी घ्यायचा आणि ग्राफिक्स कार्ड मागच्या वर्षीचं, उतरलेल्या भावाचं. जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड चालतोय तर चालू दे. आणि रंगीबेरंगी दिव्यांवर एक रुपया घालवायचा नाही. दिवाळी होऊन गेली होती.

एका गोष्टीत मात्र कंजुषी करायची नव्हती, ती म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला वाटून देणारा तो डबा. आमच्याकडची वीज लहरी, कधी एवढी चढते की बल्ब पांढराफटक होतो, कधी पंखा डुलक्या घेतो. तो डबा हलका निघाला तर बाकीच्या सगळ्याची राख.

सुरतेला जाऊन घ्यायचं ठरलं. सकाळच्या गाडीने मी आणि दीर निघालो. खांडबारा स्टेशन येईपर्यंत त्यांनी मला लॅपटॉपचे आणखी फायदे सांगितले. पुढे ते झोपले आणि मी मनातल्या मनात भावांची उजळणी केली.

दुकानदार पोरगेलासा होता. मला बघून त्याने आधी दिरांकडे पाहिलं, मग मला विचारलं, "बेन, गेम कोण रमशे? छोकरो?"

"हुं रमीश," मी त्याच्याच गुजरातीत म्हटलं, मीच खेळणार.

त्यानंतर तो जरा सरळ उभा राहिला. तरी सवय जाईना. आधी त्याने काचेचं, आत इंद्रधनुष्य पेटणारं कॅबिनेट पुढे केलं. मी नको म्हटलं. "लाइट वगर गेमिंग पीसी?" त्याला माझी खरोखर कीव आली. मग त्याने जाळीच्या तोंडाचं एक साधं कॅबिनेट काढलं आणि त्याच्याबरोबर पॉवर सप्लाय फुकट देतो म्हणाला. मी तो डबा हातात घेतला. रिकाम्या बिस्किटाच्या पुड्यासारखा हलका! मी तो त्याच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, फुकटचा तुमच्या घरी लावा, मला पाच वर्षांच्या वॉरंटीचा दाखवा. दीर हळूच माझ्यामागे सरकले. त्यांना लाज वाटत होती की अभिमान, हे मी विचारलं नाही. दुपारपर्यंत एकेक भाग ठरला, एकेक भाव घासला आणि शेवटी भिशी पुरली. वर दोघांना रसावाला खमण खाण्याइतके उरले. परतीच्या गाडीत खोकी मी कुणाला हात लावू दिली नाहीत.

जोडणी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. प्रोसेसर जागेवर बसवताना श्वास धरला होता. शेवटी बटण दाबायच्या आधी सासूबाई हळदीकुंकू घेऊन आल्या, जशा नव्या चक्कीच्या वेळी आल्या होत्या. मी कॅबिनेटचं झाकण घट्ट लावलं आणि मगच कुंकू लावू दिलं. नारळ अंगणात फोडायला लावला. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला, पहिल्या झटक्यात! मी एवढ्या जोरात ओरडले की चक्कीवरची गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं. मग प्रश्न आला, मशीन ठेवायचं कुठे. आमचे हे इतके दिवस गप्प होते, ते तेव्हा बोलले. "चक्कीनी अर्थिंग पक्की शे. तुन्हं मशीन तठेच ठेव." बाकी घरातली वायरिंग जुनी, कधीकधी फ्रिजला हात लावला तरी झिणझिण्या येतात. चक्कीसाठी मात्र जमिनीत खोल अर्थिंग केलेली. बोलणं बरोबर होतं. एवढा जपून आणलेला पॉवर सप्लाय आणि त्याला कच्ची लाइन देऊ? चक्कीच्या भिंतीपलीकडच्या खोलीत, चक्कीच्याच बोर्डावर मी मशीन लावलं. चक्कीवाल्यांशिवाय दुसऱ्या कुणाला ही बुद्धी सुचली नसती.

रविवार आला. हंगामात चक्कीला रविवार नसतो, पलीकडे घरघर चालू होती. मुलगी ऑनलाइन आली. माझा ट्रक पडद्यावर असा लोण्यासारखा चालला की मला हसू आवरेना. आम्ही शहराबाहेर पडलो, घाट लागला. मग ती म्हणाली, "मम्मी, माले तुले एक सांगनं व्हतं…"

आणि मला शिंक आली. एक, दुसरी, तिसरी. डोळ्यांतून धारा लागल्या, घशात जाळ उठला, खोकला थांबेना. चक्कीच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ते जाळीचं कॅबिनेट समोरून हवा ओढत होतं आणि मागून माझ्याच तोंडावर फेकत होतं, आणि हवेत होती आमचीच दळलेली मिरची. खोकल्यात माझा ट्रक दरीत गेला. सासूबाई पदर नाकाला लावून आत आल्या. "माय व! हाई पेटीमा मिरची कोनी भरी?" दारातून दीर म्हणाले, "वहिनी, गेम खेळी ऱ्हायन्यात का मिरची दळी ऱ्हायन्यात?"

कानात मुलगी हसत होती. मग म्हणाली, "जाऊ दे मम्मी. नंतर बोलू. ठेवते."

पुन्हा ती पुण्याची मराठी. मला इतका संताप आला की मी प्लग उपटला. तोंडापर्यंत आलेली गोष्ट माझ्या शिंकेने परत आत ढकलली होती. दिरांचं दात काढणं मी सहन केलं असतं, हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडलं. आत लाल थर बसला होता. ब्रशने तो काढला आणि चक्कीवरच्या पीठ पकडायच्या कापडी पिशवीचा तुकडा जाळीवर ताणून लावला. मिरची थांबली, पण हवाही थांबली. कापड फार जाड होतं. आतली उष्णता चढली आणि पंखे बोंबलायला लागले. तो काढून फेकला.

तेवढ्यात अंगणात सासूबाई घरचा मसाला चाळताना दिसल्या. त्या चाळणी वापरत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा पातेल्यावर बांधतात आणि तिखट वस्त्रगाळ करतात. मी धावत गेले आणि लुगडं मागितलं.

"तुन्ही पेटीले मन्हं लुगडं?" त्या म्हणाल्या. मग आत जाऊन दुसरा, आणखी विरलेला तुकडा घेऊन आल्या. "ले. पन फाडानं ते नीट फाड."

मी तो दुहेरी करून जाळीच्या आतून चिकटवला. वरचा पंखा काढून पुढे बसवला, म्हणजे आत येणारी हवा जास्त आणि बाहेर जाणारी कमी. चक्कीची पिशवी हवेने तट्ट फुगलेली असते तेव्हा फटींतून आतलं बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. आठवडाभर चक्की चालू असताना मशीन चालवलं आणि तापमानावर डोळा ठेवला. चढलं नाही. शनिवारी झाकण उघडून आत पांढरा रुमाल फिरवला. पांढराच निघाला. तो रुमाल मी दिरांच्या नाकासमोर धरला. त्यांनी हात जोडले आणि मला आयुष्यात एवढा चांगला नमस्कार कुणी केलेला नाही.

रविवार. पलीकडे घरघर. मुलीने आधी विचारलं, "शिंका नाहीत ना आज?"

"चल, गाडी काढ," मी म्हटलं.

शहर सुटलं. घाट लागला. तिचा ट्रक पुढे, माझा मागे. माझ्या नाकात काहीही नव्हतं. लांबलचक वळण आलं आणि ती म्हणाली, "मम्मी, तू आयकी ऱ्हायनी ना?"

"हा."

"मन्हा एक विषय ऱ्हायी गया." मग आवाज फाटला. "पप्पाले सांगू नको. दिवाळीपासून माले झोप नही."

तर हे होतं. एक विषय! हे पोर एका नापास विषयाचं ओझं घेऊन इतके दिवस 'हो', 'नाही', 'जेवले' करत होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मध्ये अख्खा महाराष्ट्र होता आणि परदेशातला एक घाट. समोर तिच्या ट्रकचे मागचे लाल दिवे दिसत होते.

"बोल," मी म्हटलं. "मी मांगेच शे."

आणि ती बोलली. कुठला पेपर, काय आलं नाही, कोण काय म्हणालं, तिला तिथे किती एकटं वाटतं, सगळं. ती मध्येच रडली, मध्येच नाक ओढून हसली. माझे डोळे वाहत होते आणि या वेळी त्यात मिरचीचा काही हात नव्हता. मोकळा रस्ता होता, मशीन कितीही वेग द्यायला तयार होतं. मी ट्रक हळू केला, मुक्काम लवकर येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने पुढे तिनेही हळू केला.

माल उतरवला तेव्हा उशीर झाला म्हणून खेळाने दोघींचं भाडं कापलं. मुलगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"मम्मी," ती म्हणाली, "परतीनं भाडं बी लेऊत का?"

मी ट्रक वळवला.